आईच्या नावाने द्यायचे, पण कुठे?

प्रश्न : आईच्या वर्षश्राद्धाला गावजेवण घालायचे नाही, ते 25,000 रुपये सत्कार्याला द्यायचे, असे आम्ही भावंडांनी ठरवले. धाकटा म्हणतो, गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला देऊ. बहीण म्हणते, अनाथाश्रमात गोडाचे जेवण घालू. शिवाय मोबाइलवर रोज कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी आवाहन येतेच. नेमके कुठे आणि कसे द्यावे?
– एक वाचक, पिरंगुट

उत्तर : संस्थांची यादी जरा बाजूला ठेवा. तुमची आई कशासाठी हळहळायची? कुणाची फी भरायची राहिली म्हणून, की कुणाच्या म्हातारपणाकडे बघून? तिघांनी बसून एवढे आठवले, तर निम्मा वाद मिटेल. मंदिराची ओढ एकट्या धाकट्याची असेल, तर त्याने स्वतःच्या खिशातून जरूर द्यावे. सामाईक पैसा मात्र आईच्या ओढीने जाऊ द्या.

आता गोडाच्या जेवणाविषयी. वाढदिवस आणि पुण्यतिथ्यांमुळे अनेक संस्थांत एकाच आठवड्यात दोनदा जिलबी होते. विजेचे बिल भरायला किंवा रात्रपाळीच्या मावशींचा पगार द्यायला मात्र कुणाचा वाढदिवस नसतो. धान्याची पोतीही न विचारता नेऊ नका. मुळशीच्या पावसात त्यांना कीड लागायला वेळ लागत नाही. शक्यतो पैसेच द्या आणि ते अमुक एका गोष्टीलाच वापरा, असा आग्रह धरू नका.

संस्था निवडताना तुम्हाला एक सोय आहे. मुळशीत राहून तुम्ही ती डोळ्यांनी पाहू शकता. कोळवण खोऱ्यात 1994 पासून ‘साधना व्हिलेज’ आहे. ते बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे घर आहे. लहान मुलांना पाहून कुणालाही कळवळा येतो, पण पन्नाशीच्या दिव्यांगाचे आईवडील गेले की त्याच्याकडे कोण बघणार? असे काम जाऊनच कळते. पण जाताना आधी वेळ विचारा, ते कुणाचे तरी घर आहे. तिथल्या माणसांसोबत फोटो काढून घेण्याचा मोह टाळा. काम करणाऱ्यांशी बोला, मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा. हिशेब विचारल्यावर चांगली संस्था रागावत नाही.

एकेक संस्था हिंडणे जमणार नसेल, तर पितृपंधरवड्यात पुण्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरते. 2005 साली वीणा गोखले यांनी ते सुरू केले. तिथे संस्थांचे कार्यकर्ते समोरासमोर भेटतात. श्राद्धाच्या दिवसांशी त्याचा मेळही बसतो.

ऑपरेशनच्या आवाहनाबाबत एकच पथ्य पाळा. रुग्णालयाला स्वतः फोन करून खातरजमा करा आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यातच भरा.

पाच ठिकाणी पाच-पाच हजार देण्यापेक्षा एकच संस्था धरा. 25,000 रुपये तीन वर्षांत वाटले, तर महिन्याला साधारण 700 होतात. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. मुळशीला लागून असलेल्या मावळात, तळेगावला, 1908 मध्ये काचेचा कारखाना निघाला तो ‘पैसा फंडा’तून. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून तो उभारला होता. दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार हे माहीत असले, की संस्थेला पगाराचा शब्द देता येतो.

करसवलत हवी असेल, तर बँकेतून द्या. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, वस्तूंनाही मिळत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल, तर मुळातच मिळत नाही. त्यामुळे संस्थेची निवड सवलतीवरून करू नका.

येत्या रविवारी तिघे मिळून एक संस्था पाहून या. पैसे त्या दिवशी देऊ नका. घरी येऊन आठवडाभरानेही तिथलीच आठवण निघत असेल, तर पहिला हप्ता पाठवा.