संशोधनाच्या जाहिरातीचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्रातील संशोधनावर लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. पेशीचे भाग मी दहावीनंतर विसरलो. पण गेल्या वर्षी ताई एम.एस्सी. झाली, पीएच.डी. करते म्हणाली, आणि बाबांनी विचारले, "अजून पाच वर्षं फी भरायची?" बँकेच्या परीक्षेचा अर्ज त्यांनी आणूनच ठेवला होता. ताईला उत्तर सुचेना. मग जाहिराती पुढ्यात घेऊन हिशेबाला मी बसलो.

पहिला धक्का जमेच्या बाजूला बसला. सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेत ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पुढे काम समाधानकारक ठरल्यास ४२,०००. घरभाडे वेगळे, मात्र वसतिगृहात खोली मिळाली तर ते नाही. विद्यापीठाची फी भरावी लागते, पण ती यातून भागते.

खरी मेख पुढे आहे. 'जे.आर.एफ. पाहिजे' अशा जाहिराती दोन प्रकारच्या असतात. नाव एक, खाती दोन! नेटची फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावे असते. तिच्या बळावर तो मार्गदर्शक शोधतो. दुसरी प्रकल्पाच्या खात्यातली. प्रकल्प संपला की जागा संपली, पीएच.डी.ची नोंदणी त्यात आपोआप होत नाही. ताईची एक मैत्रीण अशाच जागेवर रुजू झाली. प्रकल्पाचे चौदाच महिने उरले होते, हे तिला नंतर कळले. त्यातले चार महिने अनुदान आले नाही म्हणून पगारही नाही. आमच्या भाषेत हे 'येणे' झाले, रोकड नव्हे; आणि खोलीचे भाडे रोकडीतच द्यावे लागते. म्हणून मुलाखतीतच विचारावे: प्रकल्पाला मंजुरी कधीपर्यंतची आहे? नोंदणी कोणत्या विद्यापीठात होईल? विचारायला संकोच कसला? आपण काही उधार मागत नाही.

जागा कुठे, म्हणाल तर बंगळुरात एनसीबीएस, हैदराबादेत सीसीएमबी, पुण्यात एनसीसीएस, गोव्यात दोना पावला येथे समुद्रविज्ञान संस्था. आणि आपल्या बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरील राष्ट्रीय संस्था आहे. जर्मनीच्या एका जाहिरातीत '६५ टक्के' वाचून ताई खूश झाली होती, कारण तिला अडुसष्ट आहेत. ते गुण नव्हेत. पूर्ण वेळाच्या नोकरीचा तेवढा हिस्सा, आणि पगारही तेवढाच. तिथे पीएच.डी. ही बहुधा करारावरची नोकरीच असते.

नेटचा पेपर २०० गुणांचा, वेळ तीन तास, भाषा इंग्रजी व हिंदी. आम्हां मराठी आणि कन्नड माध्यमवाल्यांना हे थोडे जड जाते. 'क' भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी चार गुण. म्हणजे निम्मा पेपर तिथेच. चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा. 'अ' भाग आलेख, टक्केवारी, तर्क यांचा, ३० गुणांचा. तो मात्र मी ताईकडून करून घेतो, आणि तेवढ्यापुरता गुरुजी होतो.

ताईने दोन्ही अर्ज भरले आहेत. परवा बाबांनी माझी वही मागून घेतली, चष्मा लावून पाहिली, आणि खर्चाच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ वाढवली: 'गावी येण्या-जाण्याचे भाडे'.