वजन जातंय कुठं?

माझ्या विमानाला मी बसवलेली पहिली पायरी चौदा महिने टिकली. ती तुटली नाही, तिच्यावरून कुणी पडलं नाही, विमानही धडधाकट आहे. पण ती टिकली यात माझं कर्तृत्व काही नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

विमान दोन आसनांचं, पत्र्याचं, पंख खाली आणि नाकाखाली चाक असलेलं. कापलेले, वळवलेले भाग खोक्यांतून घरी येतात आणि मग गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं भोकं पाडायची, त्यांच्या धारदार कडा साफ करायच्या, रिव्हेट ठोकायचे. माझी सहा वर्षं गेली. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा हौसेसाठी केलेलं असलं, की अशा विमानाला ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून परवाना मिळतो. तो शब्द चढण्याच्या जागेजवळ ठळक अक्षरांत लिहावाही लागतो. बसणाऱ्याने वाचावा आणि मग ठरवावं.

एका उन्हाळ्यात आई कोल्हापूरहून आमच्याकडे ओहायोला आली. तिने तो शब्द वाचला नाही. पंखाची मागची कड तिच्या गुडघ्याच्या वर येत होती, तीच पाहिली आणि म्हणाली, “एसटीला सुद्धा पायरी असतीय की रं!” मी प्लास्टिकचं स्टूल आणलं. चढताना तिचा पाय फ्लॅपवर पडता पडता राहिला. पंखाच्या बुडाशी जो खरखरीत काळा पट्टा असतो, तेवढ्याच जागेला आतून माणसाचं वजन पेलण्याची ताकद असते. फ्लॅप म्हणजे नुसता पातळ पत्रा. शिवाय स्टूल राहतं एका विमानतळावर आणि उतरायचं असतं दुसऱ्यावर.

किट बनवणाऱ्यांची तयार पायरी मिळत होती. बांधताना मीच ती नको म्हटलं होतं, वजन वाढेल आणि वेग कमी होईल म्हणून. ती बसवायची खरी वेळ शेपटीकडचं धड उघडं असताना असते. आता सगळं बंद झालेलं. ठोकायच्या रिव्हेटला मागून लोखंडी ठोकळा धरावा लागतो, आणि तिथे आत हात पोचत नव्हता. मग मी सोपी वाट धरली. क्रोमोली पोलादाची नळी आणली, टोकाला पाय ठेवायला पट्टी आणि दुसऱ्या टोकाला तळहाताएवढी चौकोनी पाटी वेल्ड करून घेतली. ती पाटी बाहेरून पत्र्यावर टेकवली आणि पॉप रिव्हेटने आवळली. मधल्या एका भोकात हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट. रविवारी सकाळी सुरू केलेलं काम संध्याकाळी संपलं. इतक्या लवकर संपलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

आमच्या आबांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. कुणी काहीही बनवून आणलं, शेडची कैची असो की देवघराची फळी, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “वजन जातंय कुठं?” हा प्रश्न ऐकत वाढलेल्या मला तो त्या रविवारी आठवला नाही. पायरीवरचं वजन पाटीवर येतंय एवढं मी पाहिलं. पाटीवरून पुढे ते जातंय कुठं?

हिशेब अगदी शाळेतला आहे. 80 किलोचा माणूस धडापासून 25 सेंटिमीटर बाहेर पाय ठेवतो. नळी तरफेसारखी वागते आणि पाटी पत्र्यावरून उचकटायला बघते. माझ्या रिव्हेटच्या वरच्या आणि खालच्या ओळींत अंतर होतं 5 सेंटिमीटर. म्हणजे 80 चे झाले पाचपट, 400 किलो, आणि तेही वरच्या ओळीला बाहेर ओढणारे. माणूस उतरताना पाय हळूच टेकवत नाही, अंग सोडून देतो, तेव्हा यापेक्षाही जास्त. रिव्हेट हा कातरबळ सोसणारा प्राणी आहे, ओढ सोसणं त्याचं काम नव्हे. आणि ज्या पत्र्याला तो धरून बसला होता, त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नव्हती.

वार्षिक तपासणीच्या आधी मी गावातल्या एका निवृत्त पत्राकाम मेकॅनिकला बोलावलं. इकडे ईएए ही हौशी विमानबांधकांची संस्था आहे, 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केलेली. तिचे अनुभवी सभासद असं काम विनामूल्य बघायला येतात. या मेकॅनिकनी पायरीवर नुसता तळहात दाबला. तेलाचा डबा दाबावा तसा पत्रा ‘टक्’ करून आत गेला आणि सोडल्यावर ‘टक्’ करून बाहेर आला. मग त्यांनी बोट दाखवलं. वरच्या ओळीतल्या तीन रिव्हेटभोवती काजळ होतं. रिव्हेट सैल झाला की धातूवर धातू घासून ही काळी भुकटी सुटते. मी ती दोनदा फडक्याने पुसली होती, एक्झॉस्टचा धूर समजून! पाटी काढली तर कोपऱ्यातल्या भोकातून एक सेंटिमीटरची चीर निघालेली. पोलाद थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकलेलं, मध्ये प्रायमर नाही. त्या जागी पांढरी पूड धरलेली. मेकॅनिक फार बोलले नाहीत. “आत कोण आहे?” एवढंच विचारलं. आत कुणीच नव्हतं, ना फ्रेम, ना दुहेरी पत्रा.

दुरुस्तीला पायरी बनवण्याच्या दसपट वेळ लागला. सामानाच्या कप्प्यामागचं पॅनल काढून शेपटीत पोटावर सरपटत शिरलो. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थोपवणं हा तात्पुरता इलाज, म्हणून चिरलेला भाग गोल कोपरे ठेवून कापून काढला आणि त्याच मिश्रधातूचा जाड पत्रा आतून जोडला. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून भोकाच्या व्यासाच्या निदान दुप्पट आत हवा, हा नियम तिथे अंधारात पट्टी धरून पाळला. नवी नळी धडाच्या आत घुसते. बाहेरचा आधार फ्रेमवर, आणि आतलं टोक 30 सेंटिमीटरवर दुसऱ्या आधारात. आता तोच 80 किलोंचा माणूस आतल्या टोकाला 67 किलोंनी उचलतो. कुठे 400 आणि कुठे 67! पोलाद तेच, नळी तेवढ्याच जाडीची. फक्त आबांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं.

आतल्या आधारासाठी कोन वाकवताना आणखी एक फजिती झाली. विमानाचा कडक पत्रा, 2024-टी3, मी घरच्या शेगडीचा स्टँड वाकवावा तसा व्हाइसमध्ये धरून काटकोनात ठोकला. बाहेरच्या बाजूला केसासारख्या भेगा. या पत्र्याला वळण देताना आतली गोलाई जाडीच्या निदान तिप्पट-चौपट लागते, आणि घडी पत्र्याच्या रेषांना आडवी घालावी. पत्र्यावर सुईने खूण करू नये. ओरखडा हीच पुढच्या चिरेची सुरुवात. पेन्सिलनेही नको, तिच्यातलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला गंजवतं. साधं मार्कर पेन पुरतं.

बोल्टचंही तसंच. दुकानी बोल्टला बहुधा डोक्यापर्यंत आटे असतात, ते भोकाच्या कडा करवतीसारखे खातात. विमानाच्या एएन बोल्टचा मधला भाग गुळगुळीत असतो, भार त्याने घ्यायचा. 3/16 इंचाच्या बोल्टला 20 ते 25 इंच-पौंड एवढाच पीळ लागतो. म्हणजे मनगटाचं काम, दंडाचं नव्हे. आमच्या कोल्हापुरी हाताला हे शिकवणं सर्वांत अवघड गेलं. आवळल्यावर नटावरून एक रंगीत रेघ मारून ठेवावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

पायरीला मी आधी जाड पावडर कोटिंग केलं होतं, दिसायला झकास. त्याच्याखाली वेल्डची चीर गेली असती तरी कळली नसती. आता फिकट रंगाचा पातळ हात आहे. गोल नळीवर मागे निमुळता झालेला आवरणाचा पत्राही चढवला, कारण गोल नळी दिसते त्याच्या कैकपट वारा अडवते. पहिल्या पायरीने माझे दोन-तीन नॉट खाल्ले होते. त्यातले बरेच परत आले.

माणसाचा पाय पडण्याआधी पायरीवर काँक्रीटच्या 60 पौंडी पाच गोण्या टांगल्या, 136 किलो. शेपटीखाली घोडा लावायला विसरू नका. पायरी मुख्य चाकांच्या मागे असते. नाकचाकाचं विमान गोण्यांसकट मागे बसलं तर पुन्हा सहा महिने गॅरेजमध्ये. दोन्ही बाजूंच्या दोन पायऱ्या मिळून सव्वा किलो भरल्या, पण ते वजन मागे आहे, म्हणून गुरुत्वमध्याचा हिशेब नव्याने मांडून नोंदवहीत लिहिला.

घरी विमान बांधण्याबद्दल विचारायला महाराष्ट्रातून ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन येतात. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सगळ्यांना माहीत असतात; 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं, आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी पुढे 2019 उजाडलं. तिकडे कागद अडवतो. इकडे कागद सोपा, त्यामुळे माझ्यासारख्याचा हात मोकाट सुटतो. यातलं जास्त धोक्याचं कोणतं, याचं उत्तर मी चौदा महिने सोबत घेऊन उडत होतो.

तुमच्या विमानाचं शेपटीकडचं धड अजून उघडं असेल तर पायरी आत्ताच बसवा, वजन-वेगाचा विचार मागाहून करा. आणि बसवून झाली असेल तर येत्या रविवारी सामानाच्या कप्प्यामागचं पॅनल काढा, घरातल्या कुणालातरी पायरीवर उभं करा आणि आत टॉर्च धरून पाहा, पत्रा हलतो का. बाहेर काजळ दिसलं तर पुसू नका.