“आंथ्रोपॉस” : मनुष्य या शब्दाचा अर्थ

नव्या करारांत “मनुष्य” हा शब्द वाचला जातो तेव्हां मंडळींतील एखादी भगिनी मनांत म्हणत असेल, “हें वचन पुरुषांसाठीं असेल; माझें त्यांत काय?” या शंकेचें उत्तर मूळ ग्रीक शब्दांत आहे, यास्तव उपदेशक बंधूंनीं तो नीट समजून घ्यावा.

ग्रीक भाषेंत दोन शब्द आहेत. “आनेर” म्हणजे पुरुष किंवा पति. आणि “आंथ्रोपॉस” म्हणजे मनुष्य, मग तो पुरुष असो, स्त्री असो कीं मूल असो. मत्तय १४:२१ येथें भाकरी खाणाऱ्या सुमारें ५,००० जणांची गणती स्त्रिया व मुलें वगळून दिली आहे; तेथें “आनेर” हा शब्द आहे. परंतु योहान १६:२१ येथें प्रभु सांगतो कीं, प्रसूत झालेली स्त्री आपल्या वेदना विसरते, कारण जगांत “आंथ्रोपॉस” जन्मास आला आहे. मुलगा झाला म्हणून आनंद, असें तो म्हणत नाहीं. मुलगी झाली म्हणून जेथें तोंडें उतरतात, त्या घरीं हें वचन अवश्य वाचावें.

आतां व्याकरण पाहूं. हें नाम बहुधा पुल्लिंगी चालतें. तथापि हेरोडोटस या प्राचीन ग्रंथकारानें त्यास स्त्रीलिंगी उपपद लावून तें एका स्त्रीविषयीं योजिलें आहे. आपणही “बाईमाणूस” म्हणतोंच. विभक्तीप्रमाणें शब्दाचा शेवट बदलतो. “आंथ्रोपू” म्हणजे मनुष्याचा. “मनुष्याचा पुत्र” या नांवांत हेंच रूप आहे. “आंथ्रोपे” म्हणजे हे मनुष्या. लूक ५:२० येथें पक्षघाती मनुष्यास प्रभूनें अशीच हाक मारून पापक्षमा दिली.

१ तीमथ्य २:४, ५ येथें हा शब्द तीन वेळां येतो. देव सर्व “आंथ्रोपूस”, म्हणजे मनुष्यांना, तारूं इच्छितो. देव व “आंथ्रोपोन”, म्हणजे मनुष्यें, यांमध्यें एकच मध्यस्थ आहे. आणि तो मध्यस्थ ख्रिस्त येशू स्वतः “आंथ्रोपॉस” आहे. पुढें आठव्या वचनांत पुरुषांनीं प्रार्थना करावी असें सांगतांना मात्र “आनेर” शब्दाचें रूप येतें. म्हणजे दुसरा शब्द हातीं असूनही तारणाच्या वचनांत तो घातला नाहीं.

तरी एक सावधगिरी ठेवावी. मत्तय १९:५ येथें “आंथ्रोपॉस” आपल्या पत्नीशीं जडून राहतो असें आहे. तेथें संदर्भावरून पुरुषच समजावा. शब्दाचा अर्थ नेहमीं वाक्य पाहून करावा.

म्हणून, उपदेशकांनो, पुढील रविवारीं “मनुष्य” हा शब्द वाचाल तेव्हां क्षणभर थांबा, आणि मागें बसलेल्या म्हातारीस व तिच्या मांडीवरील नातीस स्पष्ट सांगा कीं, या शब्दांत तुम्हीही आहां.