समुद्रातील फटिग पार्टी

मे महिन्याच्या सुट्टीत मी बेंगळुरूला एचएसआर लेआउटमध्ये मावशीकडे होतो. तिच्या फिशटँकमध्ये एक काळा, कुरूप सकर मासा होता. दिवसभर तो काचेला तोंड लावून असे. मावशीला विचारून मी तो दुकानात परत दिला आणि रंगीत मासे आणले. पंधरा दिवसांत काच हिरवी झाली. शेवाळ घासता घासता मला प्रश्न पडला, समुद्रात हे काम कोण करते?

त्यासाठी आधी प्रवाळ समजून घेऊ. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ती पॉलिप नावाच्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि प्रवाळाला रंग देते. पाणी फार तापले की हे शैवाल प्रवाळाला सोडून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. याला विरंजन म्हणतात. उष्णता लांबली तर प्रवाळ उपासमारीने मरते.

मेलेल्या प्रवाळावर दुसऱ्या जातीचे शेवाळ झपाट्याने वाढते. प्रवाळाच्या पिल्लांना मात्र चिकटायला स्वच्छ, टणक जागा लागते. ती जागा मासे तयार करतात. पोपट माशाचे दात जुळून त्यांची चोच झालेली असते. तिने तो खडक खरवडतो आणि पोटात गेलेला चुरा वाळू म्हणून बाहेर टाकतो. बेटांवरची बरीच पांढरी वाळू अशीच तयार होते. शेपटीजवळ धारदार काटा असलेला सर्जन मासाही शेवाळ खातो. आमच्याकडे बराकीची सफाई करणाऱ्या तुकडीला फटिग पार्टी म्हणतात. हे मासे म्हणजे समुद्राची फटिग पार्टी!

याचा पुरावा लक्षद्वीपला मिळतो. 1998 च्या उष्णतेत तिथले बरेच प्रवाळ मेले, पण पुढच्या काही वर्षांत अनेक ठिकाणी ते पुन्हा वाढले. तिथले मच्छीमार मुख्यतः खुल्या समुद्रात काठी आणि गळाने ट्यूना पकडतात. त्यामुळे प्रवाळातील शेवाळ खाणारे मासे शिल्लक राहिले होते. मात्र 2010 आणि 2016 मध्ये पाणी पुन्हा तापले. दोन संकटांमध्ये पुरेशी वर्षे मिळाली नाहीत, तर मासे असूनही प्रवाळ सावरणे कठीण जाते.

प्रवाळाशेजारच्या उथळ पाण्यात समुद्री गवत असते. त्यात अनेक माशांची पिल्ले लपून वाढतात आणि मोठी झाल्यावर प्रवाळाकडे जातात. अगत्ती बेटाजवळ हिरव्या कासवांची संख्या वाढली आणि त्यांनी हे गवत फार खाल्ले, तेव्हा तिथले मासेही घटले. म्हणजे चरणारे हवेत, पण प्रमाणात.

आपल्या महाराष्ट्रातही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मागे तिथे पाण्यात उतरलो, तेव्हा मासे जवळ यावेत म्हणून मीही पाव टाकला होता. आपण माशांना खाऊ घालतो याचा आनंद वाटला होता. त्यांचे खरे खाणे आणि खरे काम खडकावर आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुन्हा गेलो तर पाव टाकणार नाही, प्रवाळावर पायही ठेवणार नाही.

आणि पुढच्या सुट्टीत मावशीकडे पहिला सकर मासा आणणार आहे.