पोटाचे डायलिसिस : मांजर, शेळी आणि हंड्यातले पाणी

बाबासाहेबांना ज्या मधुमेहाने छळले, तोच आज आपल्या वस्त्यांत किडनी जाण्याचे मोठे कारण आहे. शिरूर-दौंडच्या खेड्यातून आठवड्यात दोन-तीनदा मशीनवर जायचे म्हणजे रुग्णाचा रोज बुडतो, सोबतच्या माणसाचाही. म्हणून काहीजण पोटाचे डायलिसिस घेतात. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचे, काही तासांनी काढायचे. दिवसातून तीन-चार वेळा, घरीच. मोठा धोका एकच, त्या वाटेने पोटात जंतू शिरणे.

बहुतेक वेळा ते आपल्याच कातडीवरचे असतात. साबणाने हात धुणे, तोंडाला मास्क, दार-पंखा बंद, एवढे पाळले तर बरेच टळते. पण काही जंतू अशा ठिकाणाहून येतात की ते कोणी विचारतच नाही. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला असतो. लोंबती नळी दिसली की मांजर खेळते, दात लावते. भोक डोळ्याला दिसतही नाही. असे रुग्ण जगभर नोंदले गेलेत. वेळेत कळले तर साध्या पेनिसिलिन गटातल्या औषधाने उतार पडतो. शेळीचे कच्चे दूध किंवा व्यायलेल्या शेळीची वार उघड्या हाताने काढणे, यातून ब्रुसेला येतो. तो लॅबमध्ये सावकाश वाढतो, म्हणून आधी ‘काही वाढले नाही’ असा रिपोर्ट मिळू शकतो.

हंड्यातले, टाकीतले पाणी नळीच्या तोंडाला लागता कामा नये. नदीत, विहिरीत अंघोळ नकोच, मग ती भीमा असो की घोड. पाण्यातला सुडोमोनास आणि टीबीच्या जातकुळीतले काही जंतू इतके चिवट की अनेकदा नळीच काढावी लागते.

बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले, पोट दुखले, ताप आला, तर त्याच दिवशी निघा. मेडिकलमधून गोळ्या आणून आधी घेऊ नका. जंतू अर्धवट दबतो आणि तपासणीत सापडत नाही. गढूळ पिशवी फेकू नका, तशीच बंद करून सोबत न्या. नमुना घेतला की अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला हवे, रिपोर्टची वाट पाहायची नाही. पाच दिवसांनीही पाणी निवळले नाही तर टीबीची तपासणी झाली का, ते विचारा. आणि कोणी विचारो न विचारो, डॉक्टरांना सांगा : घरात मांजर आहे, शेळ्या आहेत, दूध कच्चे पितो.