नीटपलीकडे : प्रयोगशाळेत त्वचा वाढवण्याचं करिअर

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या कितीतरी घरांत एकच चर्चा रंगते: रिपीट की बीएएमएस? ज्यांना जीवशास्त्र मनापासून आवडतं, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. तीही रुग्णापर्यंतच पोहोचते.

गरज कुठे आहे?
वय वाढलं की त्वचेतलं कोलॅजन घटतं, तिच्या दोन थरांची एकमेकांवरची पकड सैल होते. मग जखमेवरची पट्टी ओढली तरी कातडी निघून येते. न भरणाऱ्या जखमेवर मांडीची त्वचा लावावी, तर मांडीवर दुसरी जखम होते आणि म्हातारपणी तीही लवकर भरत नाही. पेशींपासून वाढवलेली त्वचा इथे कामी येते. १९७५ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनी त्वचेच्या पेशी वाढवण्याची पद्धत शोधली. १९९८ मध्ये ‘ॲप्लिग्राफ’ ही दुपदरी त्वचा तिथे पायाच्या चिवट जखमांसाठी मंजूर झाली. आपल्याकडे २००० साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी त्वचापेढी उभारली. तिथली त्वचा मात्र वाढवलेली नसते, ती मरणोत्तर दानातून येते.

शिकायचं काय?
अर्धापूरच्या केळीची टिश्यू कल्चर रोपं आपल्या ओळखीची आहेत. इथे पेशी माणसाच्या असतात. पण निर्जंतुक हाताचं कसब दोन्हीकडे लागतं. बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, मग एमएस्सी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही ही सोय आहे. बाहेर जायचं तर बारावीनंतर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, पदवीनंतर एमएस्सीसाठी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा. आयसरच्या परीक्षेत गणितालाही जीवशास्त्राइतकंच वजन असतं. म्हणून ‘नीटला लागत नाही’ म्हणत अकरावीतच गणित सोडू नका. संशोधनासाठी पुढे नेट आणि पीएचडी. पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था, आयआयटी मुंबई ही त्यातली मोठी ठिकाणं.

पालकांसाठी
वाट लांब आहे: बारावीपासून पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं. फक्त त्वचा बनवणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच. पण पेशी वाढवण्याचं कौशल्य लस आणि जैवऔषधं बनवणाऱ्या कंपन्यांनाही लागतं, म्हणून शिक्षण वाया जात नाही. सहा महिन्यांत ‘स्टेम सेल तज्ज्ञ’ करणाऱ्या जाहिरातींपासून मात्र दूर राहा. प्रवेश घेण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा स्वतः पाहा आणि विचारा: लॅमिनार फ्लो (निर्जंतुक हवेचं कपाट) आणि पेशी वाढवायचा इन्क्युबेटर आहेत का? मुलं ती स्वतः हाताळतात, की नुसती लांबून बघतात? उत्तर टाळलं गेलं, तर फी भरू नका.