तरंगित की नागमोडी?

संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या आपल्या नरखेड तालुक्यात पानांना तोटा नाही. तोटा आहे तो पान पाहून नेमके बोलण्याचा. ‘कड वाकडीतिकडी आहे’ एवढे सांगून विद्यार्थी थांबतो. परंतु वाकडेपणातही भेद आहेत.

खोट्या अशोकाच्या पानाची कड वरखाली होते. वांग्याच्या पानाची आतबाहेर वळते. पहिली तरंगित, दुसरी नागमोडी. शंका असल्यास पान कागदावर ठेवून तळहाताने दाबावे आणि कडेने पेन्सिल फिरवावी. अशोकाची लाट दबून जाते, रेघ बरीचशी सरळ उमटते. वांग्याची रेघ वळणे सोडीत नाही. बोधिवृक्षाचे, म्हणजे पिंपळाचे पान किंचितच तरंगित असते. त्याची खरी ओळख ते लांब निमुळते टोक. पानफुटीच्या कडेवर बोथट दाते असतात, म्हणून ती ‘स्थूलदंतुर’. तिच्या खाचांतूनच नवी रोपे फुटतात.

‘स्थूलदंतुर’ ऐकताच मुले बिचकतात, आणि त्यात नवल नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृताचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर केला. ज्या समाजाला ही भाषा नाकारली गेली, त्याच्या मुलांपुढे शास्त्राची दारे याच भाषेतील शब्दांनी बंद होऊ नयेत, असे आम्हांस वाटते. म्हणून आम्ही आधी घरचे शब्द मागतो : झालर, चुणी, दाते, कंगोरा. मग परिभाषा देतो. ती टाळणे मात्र आम्हांस मान्य नाही. परीक्षेत आणि पुढील ग्रंथांत तीच भेटणार आहे. लॅटिनमधील ‘उंडा’ म्हणजेही लाटच. त्यावरून युरोपीय शास्त्रज्ञांनी ‘अंड्युलेट’ हा शब्द घडविला. त्यांची परिभाषाही अशी साध्या शब्दांतूनच उभी राहिली आहे.

अळंबीपाशी अधिक सावध राहावे लागते. कोवळ्या धिंगरीच्या छत्रीची कड आत वळलेली असते. ती पसरली की तरंगित होते. म्हणून वर्णनात अळंबीची अवस्थाही लिहावी. शिवाय पानाच्या नागमोडी कडेला वापरतात तोच ‘सिन्युएट’ हा इंग्रजी शब्द अळंबीच्या बाबतीत छत्रीखालच्या पडद्यांना लावतात, आणि तेथे त्याचा अर्थ ‘देठाजवळ खाच असलेले’ असा होतो. कडेच्या लाटेवरून अळंबी खाण्याजोगी की विषारी हे कळत नाही. पावसाळ्यात बांधावर उगवलेली छत्री मुलांनी पाहावी, तिचे चित्र काढावे, पण तोंडात घालू नये.